पत्त्याचा राखणदार

देवळाली कॅम्प हे नाशिकजवळचे जुने लष्करी ठाणे आहे. मुंबईहून आगगाडीने येताना इगतपुरी मागे पडली की, नाशिकरोडच्या अलीकडे देवळालीचे स्थानक लागते. इंग्रजांच्या अमदानीत येथे गोऱ्या पलटणींची छावणी होती. आज येथे भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे. तोफखान्यातील अधिकारी व जवान येथे शिक्षण घेतात आणि ते पुरे झाले की, देशाच्या दूरदूरच्या सीमांकडे रवाना होतात. अशा गावात पत्राची वाट किती आतुरतेने पाहिली जात असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

समजा, येथील एका मुलीला सरहद्दीवर गेलेल्या आपल्या वडिलांना पत्र पाठवावयाचे आहे. पाकिटावर ती काय लिहील? वडिलांचा सैनिकी क्रमांक, त्यांचा हुद्दा, त्यांचे नाव, पलटणीचे नाव, सहा आकडी पिनकोड आणि शेवटी ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ एवढाच तो पत्ता! त्यात गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही आणि राज्यही नाही. वडील लडाखच्या बर्फात आहेत की राजस्थानच्या वाळवंटात आहेत, हे पेटीतून पत्र काढणाऱ्या पोस्टमनला कळत नाही. तरीही ते पत्र चुकता पोहोचत नाही असे सहसा होत नाही. ते नेमके त्या वडिलांच्याच हाती पडते.

हे कसे घडते? ए.पी.ओ. म्हणजे सैन्याची टपाल कचेरी. ‘५६ ए.पी.ओ.’ असा पत्ता असलेली पत्रे नागरी टपाल खाते दिल्ली येथील सैन्याच्या केंद्रीय टपाल कचेरीच्या स्वाधीन करते, ‘९९ ए.पी.ओ.’ असा पत्ता असलेली पत्रे कोलकात्याच्या तशाच कचेरीकडे जातात. कोणती तुकडी आज कोठे आहे, याची नोंद सैनिकी टपाल सेवेजवळ असते. त्या नोंदीप्रमाणे पत्रांच्या थैल्या वेगवेगळ्या केल्या जातात आणि पुढे पाठविल्या जातात. सैनिकाने लिहिलेले उत्तरही अशाच मार्गाने परत येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पाकिटांवर गावांची नावे उघड लिहिली असती, तर ती नुसती एकत्र मांडून पाहणाऱ्याला कोणत्या ठाण्यावर किती फौज जमली आहे, याचा अंदाज बांधता आला असता. पत्रातील मजकूर न वाचताही शत्रूला पुष्कळ काही समजले असते. पाकिटाच्या आत काय आहे, एवढेच गुपित नसते. पाकीट कोठून निघाले आणि कोठे चालले आहे, हेही कधी कधी गुपित असू शकते.

याच ठिकाणी पिनकोडविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या सेवेतील मराठी अधिकारी होते आणि संस्कृत भाषेचे कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१ असा आहे. त्यातील पहिले तीन अंक पाहिले की, पत्र नाशिककडे जावयाचे आहे, हे टपाल खात्याला समजते. मात्र ज्या पिनकोडचा पहिला अंक ९ असतो, तो सैनिकी टपालासाठी राखून ठेवलेला आहे. त्यावरून पत्र सैन्याचे आहे एवढे कळते. सैन्य कोठे आहे, ते कळत नाही.

आता पत्राकडून संगणकाकडे वळू. आपल्या देशात इंटरनेटची सेवा सर्वसामान्य लोकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली झाली. इंटरनेटवरून जी माहिती जाते-येते, ती एकसंध जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा जणू एकेका पाकिटात घालून पाठविला जातो. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात : एक ते कोठे जावयाचे आहे याचा आणि दुसरा ते कोठून आले याचा. हे पत्ते आकड्यांचे असतात. त्यांना ‘आयपी पत्ता’ असे म्हणतात.

१९८१ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे आयपी पत्त्यात चार संख्या असतात व त्यांच्यामध्ये टिंबे असतात, उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. यांतील प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. तुम्ही गणित करून पाहिलेत, तर असे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात, असे दिसेल. त्या काळी ही संख्या अफाट वाटली. परंतु संगणक आणि मोबाईल एवढे वाढले की, २०११ च्या फेब्रुवारी महिन्यात जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील अशा पत्त्यांचे शेवटचे गट वाटून संपले. म्हणून आता याहून पुष्कळ लांब असे नवे पत्तेही वापरात आले आहेत.

पत्ते अपुरे पडू लागले, तेव्हा एक युक्ती योजण्यात आली. एका घरात संगणक, दोन मोबाईल आणि दूरदर्शन संच अशी चार साधने असली, तरी बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. घरातील राऊटर नावाची पेटी आलेली पाकिटे ज्याची त्याला वाटून देते. मोबाईल कंपन्या तर शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. पाहा, हे ‘५६ ए.पी.ओ.’सारखेच झाले! पत्ता एक आणि त्यामागे माणसे अनेक.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा आपला आयपी पत्ता त्या संकेतस्थळाला कळतोच. तो कळलाच नाही, तर उत्तर कोठे पाठवावयाचे? या पत्त्यावरून आपल्याला इंटरनेट पुरविणारी कंपनी कोणती आणि आपण साधारणतः कोणत्या शहराच्या आसपास आहोत, याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज चुकूही शकतो. देवळाली कॅम्पमध्ये बसलेला माणूस नाशिकला किंवा मुंबईला असल्याचे दिसू शकते. घराचा क्रमांक व घरमालकाचे नाव मात्र त्यात नसते. ते इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरात असते आणि कायदेशीर चौकशी झाली की, त्या दप्तरावरून ग्राहकाचा शोध लागू शकतो. पाकिटातील मजकूर आजकाल बहुधा सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतो, पण पाकिटावरील पत्ते उघडेच असतात.

हा पत्ता झाकण्याची इच्छा अनेकांना असते. त्यांपैकी काहींची कारणे अगदी रास्त आहेत. वार्ताहराला माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राखावयाचे असते. एखाद्याला आपल्या आजाराविषयी वाचावयाचे असते आणि ते चारचौघांत कळावे असे त्याला वाटत नाही. आपण काय वाचतो व काय विकत घेतो, याची टिपणे व्यापारी कंपन्यांनी ठेवू नयेत, असेही कित्येकांना वाटते. काहींचा हेतू मात्र वाईट असतो. दुसऱ्याला फसवावे, धमकावे आणि स्वतः पडद्याआड राहावे, असे त्यांना वाटते. एकच बुरखा सज्जनालाही घालता येतो आणि चोरालाही.

पत्ता झाकण्याची रीत कोणती, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, देवळाली कॅम्पमधील एका मुलाला दिल्लीच्या दुकानातून एक माहितीपत्रक मागवावयाचे आहे, पण आपला पत्ता दुकानदाराला कळू नये, असे त्याला वाटते. तो दुकानदाराच्या नावे पत्र लिहितो आणि ते पाकिटात घालतो. ते पाकीट तो दुसऱ्या, मोठ्या पाकिटात घालून मुंबईस आपल्या मामांकडे पाठवितो. मामा बाहेरचे पाकीट फोडतात, आतले पत्र स्वतःच्या पत्त्यावरून दुकानदाराला पाठवितात आणि आलेले उत्तर भाच्याकडे रवाना करतात. दुकानदाराला मुंबईचा पत्ता दिसतो. देवळालीच्या पोस्टमनला ‘या घरातून मामांना पत्र गेले’ एवढेच दिसते. सारी हकीकत फक्त मामांना ठाऊक असते.

संगणकाच्या जगात हे मामांचे काम जी सेवा करते, तिला ‘आभासी खासगी जाळे’ अथवा व्यवहारात ‘व्हीपीएन’ म्हणतात. आपला संगणक आपली सर्व पाकिटे सांकेतिक लिपीत गुंडाळून त्या सेवेच्या सर्व्हरकडे धाडतो. तो सर्व्हर वरचे वेष्टन काढतो आणि आतले पाकीट स्वतःच्या आयपी पत्त्यावरून पुढे पाठवितो. संकेतस्थळाला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, आपला दिसत नाही. आपल्याला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला आपण व्हीपीएन वापरतो हे दिसते. त्यापलीकडे आपण कोठे जातो, हे दिसत नाही.

येथेच या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. पत्ता झाकला, म्हणजे तो नाहीसा झाला, असे नव्हे. तो फक्त एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. पूर्वी जे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला ठाऊक होते, ते आता व्हीपीएन चालविणाऱ्याला ठाऊक झाले. म्हणून ‘माझा पत्ता झाकला आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. ‘तो कोणाच्या स्वाधीन केला आहे?’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

५६ ए.पी.ओ. वर आपला विश्वास असतो, कारण तो पत्ता जपणारे लोक सैन्याचेच आहेत, शिस्तीने बांधलेले आहेत आणि आपल्या कामासाठी जबाबदार आहेत. मामांवर भाच्याचा विश्वास असतो, कारण मामांना तो जन्मापासून ओळखतो. परंतु मोबाईलवर फुकट मिळणारी एखादी व्हीपीएन सेवा कोण चालवितो, हे आपणांस ठाऊक असते काय? सर्व्हर चालविण्यास पैसे लागतात, वीज लागते आणि माणसे लागतात. ग्राहकाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, तर हा खर्च कोठून निघतो? काही सेवांच्या मागे चांगल्या संस्था असतात, हे खरे. पण काही सेवा आपल्याच हालचालींची टिपणे जाहिरातदारांना विकून आपला खर्च भागवितात. ज्याच्यापासून लपावयाचे, त्याच्याच ओसरीवर जाऊन बसण्यासारखे हे झाले.

एकाच राखणदारावर सारा भार पडू नये, म्हणूनही एक उपाय शोधण्यात आला आहे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास त्यावर काम सुरू झाले आणि त्यातून पुढे २००२ साली ‘टॉर’ नावाची व्यवस्था लोकांपुढे आली. तिच्यात पाकिटावर एकावर एक अशी तीन वेष्टने घातली जातात. ती तीन निरनिराळ्या सर्व्हरवर, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे, एकेक करून उतरतात. पहिल्या सर्व्हरला पाकीट कोणाचे आहे ते कळते, पण ते अखेर कोठे जाणार, हे कळत नाही. शेवटच्याला ते कोठे चालले हे कळते, पण कोणाचे, हे कळत नाही. मधल्याला यांपैकी काहीच कळत नाही. तीन ठिकाणी फिरावे लागत असल्याने पाकिटाला वेळ मात्र अधिक लागतो.

सरकारलाही या राखणदारांचा विचार करावा लागला आहे. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी एक आदेश काढला. त्याप्रमाणे लोकांना व्हीपीएन पुरविणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची खरी नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते यांची नोंद पाच वर्षे ठेवली पाहिजे. गुन्हेगाराचा माग काढता यावा, हा त्यामागील हेतू. ‘नोंद न ठेवणे हेच तर आमचे काम,’ अशी भूमिका घेऊन काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे. एकीकडे फसविल्या गेलेल्या माणसाला न्याय मिळाला पाहिजे. दुसरीकडे निरपराध माणसाचे खासगी जीवन उघड्यावर पडता कामा नये. लोकशाहीत अशा प्रश्नांचा विचार नागरिकांनी समजून-उमजून करावयाचा असतो. मोठेपणी तो तुम्हांलाही करावा लागेल.

आपल्या देशात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र तेथील प्रशासनाने त्यावर वेळोवेळी बंदी घातली आहे. परंतु जे कृत्य उघडपणे केले असता गुन्हा ठरते, ते पत्ता झाकून केले तरीही गुन्हाच ठरते.

आणखी एक गोष्ट. पत्ता झाकला तरी आपणच आपल्याला उघडे पाडू शकतो. एखाद्याने व्हीपीएन लावला आणि मग आपल्या खऱ्या नावाने संकेतस्थळावर प्रवेश केला, तर झाकले काय? मोबाईलला स्थान सांगण्याची परवानगी दिली, किंवा घरामागील ओळखीची टेकडी दिसेल असे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले, तर आयपी पत्ता झाकून काय उपयोग?

याचे एक बोलके उदाहरण आहे. धावणाऱ्या व सायकल चालविणाऱ्या लोकांच्या वाटा नोंदविणारे ‘स्ट्राव्हा’ नावाचे एक ॲप आहे. त्याच्या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या अशा वाटांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. परंतु जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ओसाड वाळवंटात जेथे काहीच असावयास नको, तेथेही या नकाशावर उजळ रेघा दिसत आहेत. त्या रेघा लष्करी तळांवर सकाळी धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या! नाव झाकलेले होते, पण पावलांनीच ठाण्याचा पत्ता सांगितला. भारतीय सैन्यानेही जुलै २०२० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना व जवानांना ८९ ॲप त्यांच्या मोबाईलमधून काढून टाकण्यास सांगितले. ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ लिहून जे जपावयाचे, ते खिशातील मोबाईलने उघड करू नये, हाच त्यामागील विचार.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका किंवा ताई सैन्यात असतील, तर ही गोष्ट तुम्हांला घरूनच ठाऊक असेल. बाबांची बदली कोठे झाली, ते सुटीवर कधी येणार, हे घरातली माणसे कोणालाही सांगत सुटत नाहीत. त्यांना कसली लाज वाटत असते म्हणून नव्हे, तर त्या एका माहितीवर अनेकांचे प्राण अवलंबून असतात म्हणून.

इतरांनाही हा धडा तितकाच उपयोगी आहे. आपले नाव, घर, शाळा आणि रोजची वाट ही आपली मोलाची माहिती आहे. ती कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, याचा विवेक प्रत्येकाने शिकला पाहिजे. अनोळखी सेवा मोबाईलवर घेण्यापूर्वी ती कोणाची आहे, हे वडीलधाऱ्यांच्या मदतीने पाहावे. पत्ता झाकण्याचे साधन हाती आले, तर ते कोणाला सतावण्यासाठी किंवा शाळेने घातलेले नियम चुकविण्यासाठी वापरू नये. कुलूप कितीही मजबूत असले, तरी किल्ली कोणाच्या हाती दिली आहे, यावरच घराची सुरक्षितता अवलंबून असते.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा :
(अ) सैनिकाच्या पत्त्यात कोणत्या गोष्टी नसतात?
(आ) पिनकोडची पद्धत केव्हा सुरू झाली? ती कोणी आखली?
(इ) एका घरातील अनेक साधनांना पाकिटे कोण वाटून देते?

२. कारणे द्या :
(अ) आयपी पत्ता संकेतस्थळाला कळणे आवश्यक असते.
(आ) फुकट मिळणाऱ्या व्हीपीएन सेवेविषयी चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.
(इ) नावे नसतानाही त्या नकाशावरून लष्करी तळांचा पत्ता लागला.

३. ‘पत्ता झाकला, म्हणजे तो नाहीसा झाला, असे नव्हे,’ हे विधान मामांच्या उदाहरणाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : स्वाधीन करणे, माग काढणे, अंदाज बांधणे, उघडे पाडणे.

५. ‘राखणदार’ या शब्दाप्रमाणे ‘दार’ हा प्रत्यय लागून तयार झालेले पाच शब्द लिहा.

६. सरहद्दीवरील एखाद्या जवानाला एक पत्र लिहा. आपल्या गावातील पावसाची, शेताची आणि शाळेची हकीकत त्याला कळवा. मात्र कोणते प्रश्न त्याला पत्रातून विचारू नयेत, याचा आधी वर्गात विचार करा.